बोट आपले आहे



७ मे २०२४ रोजी लातूर लोकसभेचे मतदान होते. आमच्या शिरूर अनंतपाळात त्या दिवशी ऊन मी म्हणत होते. सकाळी मत टाकून मग कामाला जायचे, ही आमच्या घरची रीत. पण त्या दिवशी आम्ही नवरा-बायको दुपारपर्यंत घरातच बसून राहिलो. कोणाला द्यायचे आणि कशासाठी द्यायचे, हेच कळेना.

हा वीट एका दिवसाचा नव्हता. १९९८ साली अकोला, अमरावती, चिमूर आणि मुंबईतून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले. तेही राखीव नव्हे, सर्वसाधारण जागांवरून! काँग्रेसशी युती होती हे खरे, पण ऐक्याचे बळ दिसले म्हणून आम्ही गल्लीत गूळ वाटला. पुढच्याच वर्षी, १९९९ साली, नेत्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. चाराचे दोन उरले.

फूट तिथेच थांबली नाही. ती आमच्या गल्लीत आली. थोरले भाऊ एका गटात, आम्ही दुसऱ्या. त्यांच्या लेकीच्या मंगल परिणयाला आम्ही गेलो नाही. पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या नाहीत. आणि महिनाभराने दोन्ही गटांचे गावपुढारी एकाच जीपमधून लातूरला जाताना दिसले! त्यांचे जमले, आमचे मात्र कायमचे तुटले. तेव्हापासून राजकारणाचे नाव काढले की तोंड कडू होते.

दुपारी आई काठी घेऊन उठल्या. वय ऐंशीच्या पुढे. म्हणाल्या, "पुढारी इकला गेला म्हणून तुमचं बोट इकलं का? निजाम गेल्यावर पहिलं मतदान झालं, तवा माझी सासू गेली होती. पाटलीण पुढं, सासू मागं, पन रांग एकच. ती घरी येऊन रडली होती म्हने."

आम्ही खाली मान घातली. मताचा अधिकार कोणा पुढाऱ्याने दिला नाही. कर भरणाऱ्यालाच मत, असे दिवस होते, तेव्हा २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढाला मत मागितले. पुढे १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात ते स्वतः पराभूत झाले, तरी त्यांनी राजकारणाकडे पाठ फिरवली नाही. रिपब्लिकन पक्षाची कल्पना त्यांचीच. तो ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, त्यांच्या पश्चात, नागपुरात स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत फुटला.

मग चूक एकट्या पुढाऱ्यांची का? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आम्ही देव्हाऱ्यातले देव काढले आणि रिकाम्या जागी पुढारी बसवला. हिशेब विचारला नाही, जयजयकार केला. भाऊ सोडला, पण गट सोडला नाही. तेव्हा फसवणुकीत आमचाही वाटा आहेच.

आम्ही आईंना घेऊन निघालो. रांगेत थोरले भाऊ उभे होते. पंचवीस वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले. त्यांनी न बोलता आपल्याजवळची पाण्याची बाटली आईंच्या हातात दिली. आईंनी दोन घोट घेऊन ती आमच्याकडे दिली. आम्ही प्यालो.

त्यांनी मत कोणाला दिले, हे आम्ही विचारले नाही. त्यांनीही विचारले नाही. पक्षांवरचा आमचा विश्वास काही परत आलेला नाही. पण पुढच्या पौर्णिमेला विहारात ते आमच्या शेजारी बसले होते, आणि वंदना झाल्यावर वस्तीच्या नळाच्या अर्जावर दोन्ही घरांच्या सह्या झाल्या.

बंधू-भगिनींनो, पुढाऱ्यासाठी घर फोडू नका. आणि पुढाऱ्यावर रुसून मतही सोडू नका. मत द्या, मग पाच वर्षे हिशेब मागा.