गळ्यांतील ग्रंथि आणि मनांतील अंधार

उदास माणसास उपदेश करणें हा आमच्या घरांतील सर्वमान्य उपचार. आमच्या अक्का पहांटे उठेनाशा झाल्या, तुळशीला पाणी घालण्याचेंही त्यांच्या मनांत येईना, तेव्हां आम्ही तोच उपचार सुरू केला. "फिरायला जात जा, कांहीं वाचीत जा," असें आम्ही त्यांच्याहून आठ वर्षांनीं लहान असूनही त्यांस सांगत असूं. औषधही चालू होतें. पहिलें सहा आठवडे घेतलें, फरक नाहीं. मग दुसरें दिलें, त्याचीही तीच गत. पुढें पुढें आम्ही मनांतल्या मनांत म्हणूं लागलों कीं, अक्कांना बरें व्हावयाचेंच नाहीं. हें लिहितांना आज लाज वाटते.

ऐन वैशाखांत अक्का शाल पांघरून बसत. आवाज जड झाला होता, चेहरा सुजलेला दिसे. हें आम्ही रोज पाहत होतों, व पाहतच राहिलों. नव्या डॉक्टरीणबाईंनीं मात्र शाल पाहतांच रक्त तपासावयास धाडलें. थायरॉइड ग्रंथि मंदावली होती, आणि तिला हांकणाऱ्या मेंदूतळच्या पिट्यूटरीचें संप्रेरक रक्तांत फारच वाढलें होतें. थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली; चार महिन्यांनीं तुळशीला पुन्हां पाणी पडूं लागलें.

या गोष्टीनें आम्ही थोडें वाचूं लागलों. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनीं १८९१ मध्यें अशाच आजाराच्या एका बाईस मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बाई पुढें २८ वर्षें जगली. १९४९ मध्यें रिचर्ड ॲशर या इंग्लिश डॉक्टरांनीं ग्रंथीच्या मंदपणापायीं वेडसर झालेले १४ रोगी वर्णिले. म्हणजे अक्कांची शाल कांहीं नवी नव्हती. पाहणारे नवखे होते.

तथापि अक्कांची गोष्ट ही सर्व उदास माणसांची गोष्ट नव्हे. बहुतेकांची ग्रंथि निरोगीच असते. अशांनाही ट्रायआयोडोथायरोनिनची जोड दिल्यास उदासीवरील औषध अधिक लागू पडतें काय, हें अमेरिकेंत पाहिलें गेलें. स्टार-डी या चाचणीच्या २००६ मधील निष्कर्षांत, दोन उपचार निष्फळ ठरलेल्या रोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा या जोडीनें बरा झाला. लिथियमच्या जोडीनें सुमारें सहावा. मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाहीं.

आनुवंशिकतेचें प्रकरण याहून गुंतागुंतीचें. उदासीवरील कित्येक औषधें यकृतांतील सीवायपी२सी१९ व सीवायपी२डी६ हीं विकरें मोडून टाकतात. जनुकांतील भेदांमुळें कोणाचें विकर झपाट्यानें चालतें, कोणाचें रेंगाळतें. म्हणून एकच गोळी एकास पुरत नाहीं व दुसऱ्यास सोसत नाहीं. थायरॉक्सिनला सक्रिय रूप देण्यास साह्य करणाऱ्या डीआयओ१ या जनुकाचे भेदही ट्रायआयोडोथायरोनिनच्या गुणाशीं निगडित असल्याचें एका अभ्यासांत दिसलें. परंतु रक्ताचा थेंब पाहून अमुकच औषध लागू पडेल, असें छातीठोकपणें सांगणारा वैद्य अद्याप जन्मास यावयाचा आहे.

यंदा अक्कांच्या मुलीस तसेंच उदास वाटूं लागलें. आम्ही संवयीप्रमाणें तोंड उघडलें, तों अक्का म्हणाल्या, "तूं गप्प बैस. हे आजार घराण्यांत उतरतात. आधीं रक्त तपासूं." थायरॉइडचा अहवाल निर्दोष आला. पहिलें औषध तिला मानवलें नाहीं; दुसरें सुरू होऊन आज दोन आठवडे झाले आहेत. गुण कळण्यास अजून निदान तितकाच काळ लागेल.