कव्हरवर नसलेली नावे

जॅझ-रॉक हा शब्द आमच्या मोहल्ल्यात कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्याकडे संगीत म्हणजे उरुसातली कव्वाली, मिलादची नात आणि वरातीतला बँड. त्यापलीकडची मौसीकी जायज की नाजायज, या वादातच आमच्या वडीलधाऱ्यांची हयात गेली. आम्ही मोबाईलच्या काळातले. बी. एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत लागलो. रात्री वह्या तपासताना कानात काहीतरी चालू असते. असेच शोधत शोधत आम्ही आमच्या जन्माआधीच्या काही ध्वनिमुद्रिकांपर्यंत पोहोचलो. त्या निघाल्या तेव्हा फारशा कुणी ऐकल्या नव्हत्या.

जॅझमध्ये वादकाला ठरलेल्या चौकटीत राहून आयत्या वेळी सुचेल ते वाजवायची मोकळीक असते. रॉकमध्ये विजेवरची गिटार आणि ड्रमचा ठोका. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या दोघांची सोयरीक झाली. आपल्या तबल्याला आणि सरोदला ती परकी वाटली नाही. रागाची आणि तालाची चौकट सांभाळून दर वेळी नवे काढणे, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम.

१९७१ साली कॅलिफोर्नियात ‘शांती’ नावाच्या गटाची एक ध्वनिमुद्रिका निघाली. काही अमेरिकन पोरे गिटार आणि ड्रम वाजवत होती. सरोदवर होते बाबा अलाउद्दीन खाँ यांचे नातू आशिष खाँ, आणि तबल्यावर माहीममध्ये वाढलेले वीस वर्षांचे झाकिर हुसेन. पुढे १९७६ मध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबरची ‘शक्ती’ आली. ती जगाने डोक्यावर घेतली. ‘शांती’ मात्र जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांपुरती उरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आशिष खाँ गेले आणि १५ डिसेंबरला झाकिर हुसेन. वर्तमानपत्रांची पाने भरली. आम्ही त्या रात्री ‘शांती’च लावली. त्यात झाकिरभाई अजून उस्ताद झालेले नाहीत. पोरांच्या टोळक्यात बसून मजेत वाजवताहेत.

दुसरी ध्वनिमुद्रिका १९७२ ची, माइल्स डेव्हिस यांची ‘ऑन द कॉर्नर’. हे ट्रम्पेटचे बादशहा. काळ्या वस्तीतल्या तरुण पोरांपर्यंत आपले संगीत जावे म्हणून त्यांनी ती केली. जॅझच्या समीक्षकांनी तिला झोडपून काढले. पुढे हिपहॉपवाल्या आणि इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या पिढीला तिच्यातला ठेका सापडला, आणि २००७ मध्ये त्या काळातले सगळे ध्वनिमुद्रण सहा सीडींच्या संचात बाहेर आले. त्या ठेक्यात तबला आहे. तो वाजवणारे बादल रॉय कोमिल्लाचे. संख्याशास्त्र शिकायला न्यूयॉर्कला गेले, पोटासाठी हॉटेलात वेटर झाले, आणि तिथेच तबला वाजवताना त्यांची मॅक्लॉफ्लिनशी गाठ पडली. मूळ रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचे नाव नव्हते. साथीच्या कुणाचेच नव्हते. डेव्हिसनी ती मुद्दाम गाळली होती.

तिसरी १९८२ ची, ‘डिस्को जॅझ’. कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांनी कॅनडातल्या कॅलगरीत गायिलेली. सरोदवर पुन्हा आशिष खाँ. ती खपली नाही. गायिका आपल्या घरसंसारात गेल्या. तीस-पस्तीस वर्षांनी इंटरनेटवर तिच्यातले ‘आज शनिबार’ हे बंगाली गाणे लाखो लोक ऐकू लागले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत ती रेकॉर्ड नव्याने निघाली.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी आम्हाला म्हणाले, “जनाब, यातून पोरांना काय मिळणार?” प्रश्न रास्त आहे. आमच्या शाळेत हमालांची, फळगाडीवाल्यांची मुले येतात. त्यांना आधी गणित आणि इंग्रजी यायला हवे. पण आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात आणि एरवी मिळेल ते काम करतात. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून तो ‘मजुरी’ एवढेच लिहितो. आम्ही त्याला एकटे गाठून विचारले. तो म्हणाला, “सर, बाजेवाला लिखे तो सब हसते.”

हसणारे दोन्हीकडचे आहेत. वरातीत नाचणाऱ्यांच्या लेखी बाजेवाला हलका. मोहल्ल्यातल्या काही जणांच्या लेखी त्याची कमाईच बरी नव्हे. फुंकून फुंकून छाती दुखवणाऱ्या माणसाला दोन्हीकडे मान नाही. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही हेच चालत आले. पडद्यावर संगीतकाराचे नाव येई. ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे बहुतेक गोव्याचे वादक निनावीच राहत.

त्या मुलाला आम्ही उपदेश केला नाही. मधल्या सुटीत त्याला ‘ऑन द कॉर्नर’ ऐकवली. ट्रम्पेटचा आवाज विजेच्या तारेतून पिळून काढल्यासारखा येतो, तो त्याने ओळखला. “ये अब्बा के जैसा नहीं,” म्हणाला, “मगर है वहीच.” मग त्याने तबला कुणाचा ते विचारले. आम्ही बादल रॉय यांची हकिकत सांगितली. वेटर होते, हे ऐकून तो गप्प झाला.

पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करायला त्याचे वडील आले. व्यवसायाच्या रकान्यात दोन्ही लिहा, असे आम्ही सुचवले. ते म्हणाले, “रहने दो सर, फारम अटक जाएगा.” आम्ही आग्रह धरला नाही. गरिबाच्या अर्जाचे काय होते, ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

स्नेहसंमेलनात मुलांनी तराणा म्हणायचे ठरले तेव्हा आम्ही त्यांनाच साथीला बोलावले. शाळेत बाजा कशाला, असे एक-दोन पालक म्हणाले. मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला आणि परवानगी दिली. कार्यक्रमपत्रिका आम्ही लिहिली. गाणाऱ्या मुलांच्या खाली साथीदारांची नावे घातली. ढोलकी वाजवणाऱ्या शिपाईमामांचे आणि ट्रम्पेटसमोर त्या मुलाच्या वडिलांचे, आडनावासकट. दोनशे प्रती काढल्या. त्या मुलाने आमच्याकडून तीन मागून घेतल्या.