तापणे आणि निवणे

भिलाईत राहिलेल्या माणसाने उष्णतेविषयी लिहावयाचे, तर ते झोतभट्टीविषयीच असणार, अशी वाचकांची अपेक्षा असते. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. मला मात्र तापण्या-निवण्याचे गणित उमगले ते रिसालीतील आमच्या क्वार्टरमधल्या विजेच्या शेगडीवर.

तिच्या बिडाच्या तबकडीचा जमाखर्च सोपा आहे. वीज तिला दर सेकंदास ठरावीक उष्णता देते. आरंभी तबकडी हवेइतकीच थंड असल्यामुळे जवळजवळ सारी मिळकत शिल्लक पडते व तापमान झपाट्याने चढते. पुढे खर्चही वाढू लागतो; तो तबकडी व हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो, असा न्यूटनने १७०१ साली मांडलेला नियम आहे. जमा व खर्च सारखे झाले, की तापमान स्थिरावते. तबकडी दोन किलोंची व वीज १००० वॉट धरली, तर प्रथम दर सेकंदास सुमारे एक अंश चढेल. फरकाच्या प्रत्येक अंशामागे अडीच वॉट बाहेर जात असतील, तर ती हवेहून ४०० अंश वर स्थिरावेल. त्या वाटेचे ६३ टक्के अंतर सुमारे सहा मिनिटांत संपते; उरलेल्याचे ६३ टक्के पुढच्या सहा मिनिटांत. वीज बंद केल्यावर निवण्यालाही हीच मोजपट्टी लागते. लालबुंद धातूच्या बाबतीत प्रारणामुळे हा हिशेब बदलतो. पण स्वयंपाकघरापुरता तो पुरेसा आहे.

वडील गेल्यावर आई वर्ध्याहून आमच्याकडे आली. या शेगडीवर तिचा राग होता. “अरे, बटण बंद केलं तरी ही ऐकत नाही,” असे ती म्हणे. महिनाभराने मात्र दूध वर येण्यापूर्वीच ती बटण बंद करू लागली; उरलेले काम साठलेली उष्णता करी. तव्यावर ती पाण्याचा शिंतोडा टाकी. थेंब चर्र करून पसरला, तर ठीक; मोत्यासारखा नाचू लागला, तर तवा फार तापला. थेंबाखाली वाफेचा थर धरतो म्हणून तो नाचतो, हे लायडेनफ्रॉस्टने १७५६ साली वर्णिले होते. आईचे ज्ञान तिच्या आईकडून आलेले होते.

शेगडी तिने महिन्याभरात आपलीशी केली, गाव नाही. “आपल्याकडे” म्हणजे वर्धा, हे दोन वर्षे टिकले. पोलादाची जाडी दुप्पट झाली, तर उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचण्यास चौपट वेळ लागतो. म्हणूनच लाटण्यापूर्वी जाड लादी भट्टीत मुरू द्यावी लागते. पन्नास वर्षे एका अंगणात काढलेल्या माणसाची जाडी कोणी मोजावी? तिसऱ्या वर्षी ती भाजीवालीशी छत्तीसगढीत भाव करू लागली, आणि त्याच वर्षी माझ्या निवृत्तीमुळे क्वार्टर सोडण्याची वेळ आली. सामान बांधताना ती म्हणाली, “आता कुठं मी इथली झाले होते रे.”

आम्ही वर्ध्यास परतलो. तेथील भाजी निवडताना ती पुष्कळ दिवस म्हणत असे, “आपल्याकडे रिसालीला ही कोवळी मिळायची.”