गोड जहर

वाळूज आमच्याच गंगापूर तालुक्यात. 1985 साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि इकडच्या बऱ्याच घरांत पाना धरणारे हात तयार झाले. माझ्या मोटारसायकलला रेडिएटर आहे. त्याचे कुलंट मी रविवारी अंगणातच बदलतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. उकळते पाणी अंगावर उडते. खालचा बोल्ट सोडून जुने कुलंट डब्यात घ्यायचे. नवे भरताना बोअरचे पाणी नको. हंड्याला चढतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. झाकण उघडे ठेवून इंजिन थोडा वेळ चालवले की हवेचे बुडबुडे निघतात. मग पातळी पाहून झाकण लावायचे.

खरा सवाल डब्यातल्या त्या रंगीत पाण्याचा. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करते. नालीत ओतले, की मोहल्ल्यातली बकरी तोंड लावणारच. अम्मी म्हणते, "बेटा, फेका हुआ पानी भी कोई ना कोई पीताच है."

म्हणून डब्याचे झाकण घट्ट लावून, त्यावर उर्दू-मराठीत 'जहर' लिहून तो गॅरेजवाल्याच्या हवाली करतो. तेलात मिसळू नको, नालीत ओतू नको, असे बजावतो. आपल्या गाडीचा ताप उतरवताना शेजाऱ्याच्या बकरीचा जीव जाऊ नये, एवढेच.