लँथॅनमचे तीन भाडेकरू

लँथॅनम ॲसिटेट दिसायला अगदीच साधं. पांढरी पूड, पाण्यात विरघळणारी, नाकाशी नेली तर व्हिनेगरचा पुसट वास. रसायनशाळेच्या कपाटात मोरचूद आणि कोबाल्टचे क्षार पुढं मिरवतात. हे मागच्या रांगेत. याच्या घराण्यात रंग यायला आयनाच्या एफ कक्षेत इलेक्ट्रॉन लागतात, याच्याकडे एकही नाही. चुलतभाऊ निओडिमियमला जांभळी छटाही मिळाली आणि चुंबकांमुळे नावही झालं.

मराठवाड्याचं ते मूळचं नव्हे. लातूरच्या काळ्या बेसाल्टात त्याचं घराणं सापडणार नाही. ते केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत. 1839 साली स्वीडनच्या कार्ल मोसांडर यांनी सिरियमच्या क्षारात दडलेला लँथॅनम ओळखला. त्याचा ऑक्साइड ॲसेटिक आम्लात विरघळवला की आपलं पात्र तयार.

स्वभाव मात्र बघण्यासारखा. एका लँथॅनमकडे तीन ॲसिटेट राहतात, पण लातूरच्या शिकवणी भागात पोरं खोली करून राहतात तसे: जूनमध्ये आले, परीक्षा झाली की बिछाना गुंडाळून मोकळे. तापवलं की आधी पाणी निघतं, मग ॲसिटेट मोडतं आणि शेवटी, सातशे अंशांच्या आसपास, नुसता ऑक्साइड उरतो. क्लोराइडपासून सुरुवात केली तर क्लोरीन मागं चिकटून राहण्याची भीती. इथं तो प्रश्नच नाही. म्हणून पातळ थर किंवा उत्प्रेरक बनवणारे या क्षाराला मान देतात. मान कसला, काम झालं की त्याचं नावही कुणी काढत नाही.

नाटक मात्र त्याला एक येतं. ॲसिटेटच्या द्रावणात लँथॅनम नायट्रेट घाला, थोडं आयोडीन, अमोनियाचे थेंब, आणि हळूहळू उकळी येऊ द्या. गढूळ निळा रंग उठतो, स्टार्चवर आयोडीन टाकल्यासारखा. ॲसिटेट ओळखण्याची ही जुनी परीक्षा. अल्कलीमुळे लँथॅनमचं बेसिक ॲसिटेट खाली बसतं आणि आयोडीन अंगावर शोषून घेतं. आमच्याकडे फेरिक क्लोराइडचा लाल रंग दाखवून भागवतात, तो स्वस्त पडतो. एकदा तरी ही निळाई पोरांना दाखवावी, मार्क मिळोत न मिळोत.

ॲसिटेटला सहज सोडणारा हा लँथॅनम फॉस्फेट आणि फ्लोराइड मात्र हातचे जाऊ देत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या रक्तात फॉस्फेट साचतं. त्यांना लँथॅनम कार्बोनेटच्या गोळ्या जेवणाबरोबर चावून खायला देतात. अन्नातलं फॉस्फेट पोटातच अडकतं, रक्तात पोचत नाही.

फ्लोराइडची गोष्ट आपल्या जास्त जवळची. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडं बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो. अशा खडकातली खनिजं झिजून पाण्यात फ्लोराइड उतरतं, आणि बोअर जितकं खोल तितकं पाणी खडकात जास्त मुरलेलं. भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. त्यापुढं दात पिवळे पडतात, सांधे आखडतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत कायटोसानच्या मण्यांत लँथॅनम बसवून फ्लोराइड ओढून घेण्याचे प्रयोग झाले. कागदावर सुंदर. पण बोअरच्या पाण्यात कार्बोनेट आणि फॉस्फेटही असतात, तेही त्याच जागा अडवतात, आणि गावच्या टाकीला हा धातू परवडायला हवा.

मोजणीत मात्र त्याला तोड नाही. 1966 मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड जगापुढं आणला. आजही नमुन्यातलं फ्लोराइड मोजायला तो वापरतात. मोजण्याआधी पाण्यात जे बफर मिसळतात त्यात ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट असतं. जुने भाडेकरू पुन्हा मालकाच्या दारात, पण स्फटिकात त्यांना थारा नाही. तिथं शिरू बघतो तो हायड्रॉक्साइड, कारण त्याचा आकार फ्लोराइडच्या जवळपासचा. म्हणूनच पीएच पाच ते साडेपाचच्या दरम्यान राखावा लागतो. फार खाली नेला तर फ्लोराइडच हायड्रोजनशी जोडी जमवतं आणि मीटर कमी दाखवतो.