सूर्यकन्येच्या पाण्यावर

खानदेशच्या माणसाचे पाण्याशी असलेले नाते मोठे विलक्षण आहे. पाणी त्याला दिसते; परंतु सहजासहजी हाती लागत नाही. तापी ही आमची सर्वांत मोठी नदी. पण तिने मऊ गाळाच्या थरांतून आपले पात्र इतके खोल कोरून काढले आहे, की काठावरच्या शेतकऱ्याला उंच दरडीवर उभे राहून खालून वाहत जाणाऱ्या पाण्याकडे नुसते पाहत राहावे लागे. धुळ्याच्या बाजूस पांझरेसारख्या लहान नद्यांवर आमच्या पूर्वजांनी बंधारे घातले, पाट काढले आणि फडांची शेती फुलविली. तापीपुढे मात्र त्यांनी हात टेकले. म्हणूनच की काय, भोई आणि कोळी बांधव सोडले, तर केळी आणि कापूस पिकविण्यात निष्णात असलेले आम्ही लोक वल्हे हाती धरण्याच्या बाबतीत अगदीच अनभिज्ञ राहिलो. समुद्र तर फारच दूर. त्याची गाजही आम्ही ऐकली, ती बहुधा पुस्तकाच्या पानांतून.

अशा या कोरड्या प्रदेशातील माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त युरोपात गेला आणि तेथे त्याला पाण्याचे वेड लागले. एका उन्हाळ्याच्या सुटीत त्याने भूमध्य समुद्रातील ग्रीक बेटांभोवती आठ दिवस नौकाप्रवास केला. तोही मोठ्या आगबोटीतून नव्हे, तर हाताने वल्हवायच्या एका चिंचोळ्या नौकेतून. तिला 'कयाक' म्हणतात. केफालोनिया आणि इथाका या बेटांच्या कडेकडेने दिवसाकाठी पाच-सहा तास वल्हवायचे, दुपारी एखाद्या खडकाच्या सावलीत विसावायचे आणि रात्री वाळूवर तंबू ठोकून निजायचे, असा त्याचा क्रम होता. त्याने सांगितलेले वर्णन ऐकताना मला इथाकाच्या राजाची, ओडिसिअसची, आठवण होई. ट्रॉयचे युद्ध संपवून घरी निघालेला हा वीर याच समुद्रात दहा वर्षे भटकला, अशी कथा होमर नावाच्या प्राचीन ग्रीक कवीच्या महाकाव्यात आहे.

या कयाकेचा जन्म मात्र उष्ण देशातला नाही. उत्तर ध्रुवाजवळील बर्फाळ प्रदेशातील इन्युइट लोकांनी ती प्रथम बनविली. त्यांच्या भूमीत झाडे जवळजवळ नाहीत. तेव्हा समुद्रातून वाहून आलेली लाकडे आणि प्राण्यांची हाडे यांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे आणि त्यात बसून शिकारीला जायचे, अशी त्यांची रीत. गरजेपोटी माणसाने निर्माण केलेल्या वस्तूंत इतकी हलकी आणि इतकी चपळ वस्तू विरळाच. आज ती लाकडाची, प्लॅस्टिकची, इतकेच नव्हे तर हवा भरून फुगवायच्या रबरी कापडाचीही मिळते.

असलीच एक दोघांनी बसायची, घडी करून पिशवीत मावणारी नौका घेऊन माझा पुतण्या गेल्या वर्षी पौष महिन्यात घरी आला. म्हणाला, "काका, आपल्याकडे समुद्र नसेल, पण पाणी तर आहे ना? चला, तापीवर जाऊ."

मी साठी ओलांडलेला मनुष्य. साऱ्या आयुष्यात हाती धरला तो खडू. परंतु जिज्ञासेला वय नसते. आम्ही रीतसर परवानगी काढली आणि चांगदेव गाठले.

चांगदेव हे गाव तापी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावर वसले आहे. तापी मध्यप्रदेशातील मुलताई येथे उगम पावते. पुराणांनी तिला सूर्याची कन्या म्हटले आहे. बऱ्हाणपुरावरून ती खाली येते, तर पूर्णा वऱ्हाडाची काळी माती घेऊन येते. संगमावर चांगदेवांचे प्राचीन दगडी मंदिर आहे. योगसामर्थ्याचा मोठा अभिमान बाळगणारे चांगदेव लहानग्या मुक्ताबाईंपुढे नम्र झाले आणि त्यांनी तिला गुरू मानले, ही कथा तुम्हांला ठाऊक असेलच. त्याच मुक्ताबाई इ. स. १२९७ मध्ये या तापीतीरी विजेच्या लोळात अंतर्धान पावल्या, अशी परंपरा सांगते. मुक्ताईनगरजवळील कोथळी येथे त्यांचे स्थान असून तेथून दरवर्षी त्यांची पालखी पंढरीस जाते.

संगमाच्या थोडे खाली हतनूर येथे तापीवर धरण बांधलेले आहे. ते १९८२ साली पूर्ण झाले. त्याला एकेचाळीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात हे दरवाजे उघडले, की काठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. धरणामुळे दोन्ही नद्यांचे पाणी मागे तुंबले आणि जेथे एके काळी नुसत्या दरडी होत्या, तेथे विस्तीर्ण जलाशय पसरला. नद्यांबरोबर येणारा गाळ त्यात साचत राहतो. त्यामुळे धरणात मावणारे पाणी कमी होते, ही चिंतेचीच गोष्ट होय. परंतु त्याच गाळामुळे जागोजाग उथळ पाणी, पाणवनस्पती आणि लहान लहान उंचवटे तयार झाले आहेत. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले, की हे उंचवटे डोके वर काढतात. ग्रीस देशाला हजारो बेटे असतील. आम्हांला ही एवढीच!

आमच्या सोबतीला तेथील एक वृद्ध मच्छीमार आपली होडी घेऊन आले होते. सारे त्यांना 'नाना' म्हणत. पुतण्याने आम्हां तिघांसाठी तरंगणारी जाकिटे आणली होती. ती अंगात घालून पट्टे आवळल्यावाचून पाण्यावर जायचे नाही, असा त्याचा नियम होता. नाना प्रथम हसले. जन्म पाण्यात गेलेल्या माणसाला हे कशाला, असे त्यांना वाटले असावे. पण पुतण्या म्हणाला, "नाना, पोहणाऱ्यालाही दमायला होतं." तेव्हा त्यांनी मुकाट्याने पट्टा बांधला.

नौकेत मी पुढे बसलो, पुतण्या मागे. पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने दिशा राखायची, असा या नौकेचा न्याय. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. उजवे पाते पाण्यात बुडवून मागे सारायचे, की डावे पाते आपोआप वर येते. मग ते बुडवायचे. ऐकायला सोपे, परंतु पहिल्या पावघटकेत माझे खांदे भरून आले. नाना आपल्या होडीतून पाहत होते. ते म्हणाले, "गुरुजी, पाण्याले मारू नका. पाणी मांगे सारा, अन् कमरेपासून वळा."

त्यांचे म्हणणे खरे होते. हातांचे बळ लवकर सरते. पाठीचे आणि कमरेचे बळ टिकते. ते ध्यानी येताच नौका सरसर पुढे सरकू लागली. मोठ्या वाहनात बसून आपण पाण्यावरून जातो. या नौकेत आपण पाण्यात बसून जातो. पृष्ठभाग हाताच्या अंतरावर असतो. यंत्राचा आवाज नाही, धूर नाही. वल्ह्यावरून ओघळणाऱ्या थेंबांचा टपटप आवाजही स्पष्ट ऐकू येतो. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, मागे मंदिराचा दगडी आकार आणि समोर सकाळच्या उन्हात चमकणारे पाणी! एवढ्या वर्षांत हा प्रदेश मी शेकडो वेळा पाहिला होता. पण नेहमी काठावरून. नदीच्या बाजूने काठ कसा दिसतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

आणि पक्षी! हिवाळ्यात हतनूरला दूरदूरचे पाहुणे उतरतात. फावड्यासारख्या चपट्या चोचीचा थापट्या पाणी गाळून त्यातील अन्न टिपत होता. नारिंगी-तपकिरी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने उथळ पाण्यात उभे होते. संस्कृत कवींनी ज्यांच्या विरहाची वर्णने केली, ते हेच पक्षी. लडाख, तिबेट आणि मध्य आशिया येथील थंड पठारांवर ते घरटी करतात आणि थंडीत आपल्याकडे येतात. एका ठिकाणी काळ्या पक्ष्यांचा मोठा थवाच्या थवा तरंगत होता. प्रत्येकाच्या कपाळावर पांढराशुभ्र ठिपका. आपल्या लोकांनी या पक्ष्याला 'वारकरी' असे नाव दिले आहे. कपाळी गंध लावलेल्या, दाटीवाटीने चाललेल्या त्या मेळ्याला मुक्ताईच्या भूमीत याहून समर्पक नाव कोणते असणार? आम्ही वल्ही थांबविली आणि दुरूनच त्यांना पाहिले. हजारो कोसांवरून दमून आलेल्या पाहुण्याला आपल्या हौसेसाठी उठविणे हे आतिथ्य नव्हे.

पुढे एका जागी नाना वल्हे मारायचे थांबले. ती जागा इतर पाण्याहून निराळी मुळीच दिसत नव्हती. त्यांनी खाली बोट दाखविले. "हे आमचं वावर. बापानं इथं ज्वारी पेरली, भुईमूग पेरला. बांधावर चिंच होती. धरण झालं, तवा मी जवान होतो."

आम्ही दोघेही काही बोललो नाही. मी पाण्यात पाहिले. गढूळ हिरव्या पाण्याखाली काहीच दिसत नव्हते. आमच्या घरी नळाला येणारे पाणी, काठावरच्या केळीच्या बागा, दीपनगरच्या वीजकेंद्रात तयार होणारी वीज, या सर्वांच्या मुळाशी असे कोणाचे तरी वावर असते. त्याचा विचार आपण सहसा करीत नाही. नानांच्या स्वरात मात्र कडवटपणा नव्हता. "आता त्याच वावरात मासे धरतो," एवढे बोलून त्यांनी वल्हे उचलले.

मध्यान्हीच्या सुमारास आम्ही एका उंचवट्यावर उतरलो. काठापासून ते बेट सुमारे दीड किलोमीटर आत असेल. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी असे जेवण झाले. परत निघणार, तोच उत्तरेकडून वारा सुटला. पाहता पाहता आरशासारखे पाणी खडबडीत झाले आणि लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला.

पुतण्या म्हणाला, "काका, यापेक्षा मोठ्या लाटा मी पाहिल्या आहेत. अर्ध्या तासात काठ गाठू."

नानांनी मान हलविली. "तुमची नाव फुग्यावानी हलकी हाय, दादा. वारा तिले उचलीन. बसा. वारा आपल्याले विचारून येत नाही, अन् विचारून जातही नाही."

वाऱ्याला पाण्यावर धावायला जितके लांब अंतर मिळते, तितकी लाट मोठी होते. जलाशयाच्या लांब बाजूने वारा वाहू लागला, की तळ्याचे पाणीही समुद्राचे रूप घेते. शिवाय हवा भरलेली नौका पाण्यावर उंच तरंगते. वाऱ्याला ती आयतीच सापडते. हे शास्त्र पुतण्याला अवगत होते. परंतु समोर काठ दिसत असला, की शास्त्र आठवत नाही. मी त्याला त्याच्याच इथाकाची कथा आठवून दिली. वाऱ्यांच्या अधिपतीने ओडिसिअसला सारे प्रतिकूल वारे एका थैलीत बांधून दिले होते. इथाकाचा किनारा डोळ्यांना दिसू लागला. आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या उतावळ्या सोबत्यांनी लोभाने ती थैली उघडली. वारे सुटले आणि घराच्या दारातून नौका पुन्हा दूर फेकली गेली.

पुतण्या हसला. त्याने नौका वर ओढून उलटी केली, तिच्यावर दगड ठेवले आणि तो नानांजवळ येऊन बसला. आम्ही सुमारे तीन तास त्या बेटावर होतो. त्या अवधीत नानांनी त्याला वारा ओळखण्याच्या खुणा सांगितल्या: पाण्यावरची काळसर झाक कोठून सरकते, पक्षी कोणत्या बाजूला तोंड करून बसतात, दूरच्या झाडांचे शेंडे केव्हा स्थिर होतात. परदेशात शिकून आलेला तरुण शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्धाकडून मनापासून शिकत होता. चांगदेवांच्या गावी याहून वेगळे काय घडावे?

ऊन कलले, तसा वारा पडला. आम्ही काठाच्या आडोशाने, सावकाश परतलो. मागे कोठे तरी चक्रवाक ओरडत होते.

बालमित्रांनो, धाडस म्हणजे संकटात उडी घेणे, असे पुष्कळांना वाटते. उडी घेणे सोपे आहे. ती क्षणाची गोष्ट. काठ समोर दिसत असता, सामर्थ्य अंगी असता, तीन तास स्वस्थ बसणे अवघड आहे. बर्फातील इन्युइट शिकारी असो, की तापीकाठचा मच्छीमार असो, लहान नौकेतून जाणारा प्रत्येक मनुष्य हे शिकतो. कारण लहान नौका माणसाला त्याचे खरे आकारमान दाखवीत असते.

हतनूरचे दरवाजे ओलांडून तापी पुढे भुसावळजवळून जाते, शिरपूर-शिंदखेड्याच्या सीमेवरून वाहते, नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे क्षेत्राचे दर्शन घेते आणि एकूण ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. अरबी समुद्र तांबड्या समुद्राला जोडलेला आहे आणि १८६९ साली खुल्या झालेल्या सुवेझ कालव्याने तांबडा समुद्र भूमध्य समुद्राला जोडला आहे. नकाशा उघडून या वाटेवरून एकदा बोट फिरवून पाहा. नानांच्या बुडालेल्या वावरावरचे पाणी आणि इथाकाच्या किनाऱ्यावर फुटणारी लाट यांच्यामध्ये कोठेही कोरडी जमीन आडवी येत नाही. मग समुद्र आपल्यापासून दूर आहे, असे खानदेशच्या मुलांनी का म्हणावे?