माशीनें मासा

मासे धरण्याचे प्रकार आपल्याकडे थोडेथोडके नाहींत. पाग आहे, रापण आहे, गरी आहे. पहिल्या पावसांत चढणीचे मासे धरणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. पण या सर्व खटाटोपाचा शेवट कालवणांत व्हावा याविषयीं कोणाचें दुमत नसतें. ज्या प्रकाराच्या तयारींत आम्ही गेले तीन महिने गढून गेलों आहों, त्यांत मात्र मासा मोठ्या प्रयासानें धरावयाचा आणि धरल्याबरोबर सोडून द्यावयाचा असतो. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून समुद्रांत गेलेल्या ‘कीज’ नांवाच्या बेटांच्या माळेंत, मायामीस स्थायिक झालेल्या आमच्या भाच्यानें पुढील महिन्यांत आम्हांला याच कामासाठीं बोलाविलें आहे.

या विद्येस ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. ती मूळची नदीकाठची. जो ब्रुक्स या अमेरिकन लेखकानें १९४७ सालीं याच बेटांपाशीं ‘बोनफिश’ नांवाचा खाऱ्या पाण्यांतील मासा माशीनें धरला व त्याविषयीं लिहिलें, तेव्हांपासून समुद्रावरील या प्रकाराचा बोलबाला झाला. माशी म्हणजे गळावर केंस व पिसें बांधून केलेली नकली माशी. समुद्रावर ती माशीसारखी दिसतहि नाहीं. बोनफिशला कोळंबी आणि लहान कुर्ल्या आवडतात, म्हणून तिला त्यांचेंच रूप देतात.

नेहमींच्या गळास वजन बांधलेलें असतें व तें दोरीला ओढीत नेतें. येथें माशीला वजन जवळजवळ नाहींच. वजन आहे तें दोरीला. आमच्या काठीवर ‘आठ’ हा आंकडा आहे. त्याचा अर्थ असा कीं, तिला साजेशा दोरीचे पहिले तीस फूट सुमारें साडेतेरा ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून थोडे अधिक, भरावे. एवढें तोळाभर वजन हवेंत मागें उलगडूं द्यावयाचें, तें पुरें उलगडल्यावर पुढें लोटावयाचें, आणि मधल्या क्षणीं स्वस्थ राहावयाचें. हें स्वस्थ राहणेंच फार अवघड. घरामागील मैदानावर आमचा हा सराव एक लहान मुलगा दोन संध्याकाळ पाहत होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें आदबीनें विचारलें, “आजोबा, तुमचा पतंग कुठें गेला?”

मासा माशीस लागला कीं नदीवरील लोक काठी उंच करतात. समुद्रावर तसें केल्यास माशी त्याच्या तोंडांतून निसटते. काठी माशाच्या दिशेनेंच ठेवून डाव्या हातानें दोरी सरळ मागें ओढावी लागते. जुन्या मुरलेल्या लोकांची ही संवय मोडतां मोडत नाहीं म्हणतात. आम्हांला मोडावयास कोणतीच संवय नाहीं, आणि नवशिकेपणाचा एवढा एकच फायदा आम्हांला आजवर दिसला आहे.

भरतीचें गणित मात्र नव्यानें शिकावें लागलें. अलिबागेस आमच्या लहानपणीं तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघे. अष्टमीस सहा वाजतां. तेथें हें सूत्र चालत नाहीं. तिकडे दर बेटाची वेळ निराळी, आणि पाणी चढतें तेंहि दोनतीन फुटांपलीकडे क्वचितच. आपल्याकडे एवढ्यास कोणी भरती म्हणावयाचें नाहीं! पण तळ इतका सपाट आहे कीं वीतभर पाण्यानें सारा खेळ ठरतो. पाणी चढूं लागलें कीं मासे त्या उथळांत चरावयास येतात आणि ओसरूं लागलें कीं परततात. त्यांचे खवले आरशासारखे असल्यामुळें मासा दिसत नाहीं. तळावरची त्याची सावली दिसते, किंवा तो तोंड खालीं करून चरत असतां शेंपटीचें टोंक पाण्यावर चमकतें. त्यासाठीं खास चष्मा घेतला आहे. चष्म्यामागील डोळ्यांची तयारी घरीं कशी व्हावी?

होडींतला वाटाड्या मासा कोठें आहे हें घड्याळाच्या भाषेंत सांगतो. होडीचें नाक म्हणजे बारा. म्हणून आम्ही मैदानावर चार पराती मांडल्या, आणि सौभाग्यवती ओट्यावरून “अकरा वाजतां, चाळीस फूट” असें ओरडूं लागल्या. अशाच एका संध्याकाळीं त्यांनीं विचारलें, “अहो, सोडायचाच, तर धरायचा कशाला?”

सौभाग्यवती मालवणच्या, सुरमईच्या तुकड्या निर्विकारपणें तळणाऱ्या. तेव्हां ही कोंवळी भूतदया नव्हे हें आम्ही जाणलें. तेथील कायद्यानें २०१३ पासून बोनफिश सोडावाच लागतो, त्यामुळें मासे टिकतात व वाटाड्यांचा चरितार्थ चालतो, असें आम्ही सांगून पाहिलें. त्या म्हणाल्या, “खाण्यासाठीं मारणं मला समजतं. खेळासाठीं दुखवणं समजत नाहीं.” यावर देण्यासारखें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आजहि नाहीं. हा आमच्या सुखाचा खेळ आहे आणि त्याची किंमत मासा देतो. ती शून्यावर आणतां येत नाहीं, कमी करतां येते.

तेव्हांपासून तयारीची दिशा बदलली. फेंक ऐंशी फूट जावी हा हव्यास आम्ही सोडला. चिमट्यानें प्रत्येक गळाचा उलटा दांता दाबून सपाट केला, म्हणजे गळ चटकन निघावा. कोरड्या हातानें धरल्यास माशाच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो, म्हणून हात आधीं भिजवावयाचे. फार वेळ झुंजविलेला आणि पाण्याबाहेर धरलेला मासा सोडल्यावर तोल सांवरूं शकत नाहीं, व जवळपास शार्क असल्यास त्याचें आयतेंच भक्ष्य होतो. सबब मासा हातांत उंच धरून काढावयाचें छायाचित्र रद्द! भाच्यास तसें कळविलें, तेव्हां तो अंमळ हिरमुसला. आप्तेष्टांस पाठविण्यास दुसरें काय उरलें, असें त्याचें म्हणणें पडलें.

सौभाग्यवतींनीं बरोबर येण्याचें कबूल केलें आहे, पण काठीस हात लावणार नाहीं या अटीवर. त्या होडींत बसून मासा किती वेळ अडकून होता तें मोजणार आहेत. त्यासाठीं सेकंदकांटा असलेलें जुनें मनगटी घड्याळ त्यांनीं कालच दुरुस्त करून आणलें.